विद्यापीठाचे आकडे आणि उसाचा फड

दसरा उलटला की बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातील गावे हलू लागतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी नवरा-बायकोचा कोयता आपला संसार बैलगाडीवर अथवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरतो आणि पश्चिम महाराष्ट्रातील किंवा कर्नाटकातील साखर कारखान्याची वाट धरतो. शिरूर कासार, पाटोदा, आष्टी, धारूर, वडवणी, केज या तालुक्यांतील कित्येक वस्त्यांवर त्यानंतर गळीत हंगाम संपेपर्यंत म्हातारी माणसे आणि दारांना लावलेली कुलपे एवढीच उरतात. नेमक्या याच दिवसांत बीड जिल्ह्यातील महाविद्यालयांत हिवाळी सत्राच्या परीक्षा येतात, आणि कार्यालयांतून मूल्यांकन परिषदेकडे पाठवावयाच्या वार्षिक अहवालाचे तक्ते भरण्याची लगबग चालते. विद्यार्थी किती, विद्यार्थिनी किती, संगणक किती, चर्चासत्रे किती, सामंजस्य करार किती, अशा प्रत्येक रकान्यात आकडा पडतो. आईबापांबरोबर फडावर गेलेल्या विद्यार्थ्यासाठी मात्र त्या तक्त्यात रकाना नाही. पटावर त्याचे नाव आहे, तेव्हा तो विद्यार्थ्यांच्या संख्येत आहेच. वर्गात तो नाही ही गोष्ट त्याच्या शेजारच्या बाकावरच्या मुलाला ठाऊक असते, विद्यापीठाच्या संगणकाला ठाऊक नसते.

उच्च शिक्षणाच्या क्षेत्रात सध्या एका प्रश्नाची मोठी चर्चा आहे. विद्यापीठांचे धुरीण, म्हणजे कुलगुरू, अधिष्ठाते, कुलसचिव, प्राचार्य हे निर्णय घेताना आकडेवारीच्या आधुनिक साधनांचा स्वीकार करतात की नाही, आणि करीत नसल्यास त्यांचे मन कसे वळवावे, असा तो प्रश्न. त्यावर कार्यशाळा होतात, प्रशिक्षणे होतात. भिंतीवरील पडद्यावर रंगीत आलेखांचा जो फलक झळकतो, ज्याला डॅशबोर्ड म्हणतात, तो कुलगुरूंच्या दालनात असणे हे प्रगतीचे लक्षण मानले जाते. या चर्चेत एक गृहीत दडलेले आहे, ते असे की धुरीणांना यंत्राचे भय वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. यंत्र त्यांनी केव्हाच स्वीकारले आहे. यंत्रातून निघणारा आकडा आपल्या निर्णयावर बंधनकारक मानायला मात्र ते तयार नाहीत, आणि या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

यंत्राच्या बाजूने जे बोलावयाचे ते आधी प्रांजळपणे बोलले पाहिजे. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना २००१ साली झाली आणि त्यानंतर राज्यातील विद्यापीठांची नोंदणी, परीक्षा-अर्ज, प्रवेशपत्रे, निकाल ही कामे एकामागून एक संगणकावर गेली. केंद्र शासनाच्या शिक्षण खात्याने दिल्ली विद्यापीठात विकसित करविलेली ‘समर्थ’ ही प्रणालीही आता राज्यातील विद्यापीठांत आली आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचे क्षेत्र छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव अशा चार जिल्ह्यांचे, आणि संलग्न महाविद्यालये चारशेहून अधिक. अंबाजोगाईच्या विद्यार्थ्याला गुणपत्रिकेवरील नावातली एक वेलांटी दुरुस्त करून घेण्यासाठी एके काळी दोनशे किलोमीटरांहून अधिक प्रवास करून विद्यापीठाच्या खिडकीपुढे उभे राहावे लागे, साहेब रजेवर असल्यास बसस्थानकावर रात्र काढावी लागे. त्या हेलपाट्यांपैकी निम्मे जरी टळले असतील तरी ते गरिबाच्या खिशाला मोठे साहाय्य आहे. १९६० च्या दशकात आयुर्विमा कर्मचाऱ्यांनी संगणकाविरुद्ध लढा दिला तेव्हा प्रश्न रोजगाराचा होता आणि तो खरा होता. आज विद्यापीठातल्या संगणकाला विरोध करणे म्हणजे त्या लढ्याचे अनुकरण नव्हे, निव्वळ हट्ट ठरेल.

यंत्र स्वीकारण्याची घाई मात्र किती महाग पडते हे मुंबई विद्यापीठाने २०१७ साली पाहिले. उन्हाळी परीक्षांच्या सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासावयाच्या, असा निर्णय परीक्षांचा हंगाम चालू असताना अमलात आला. उत्तरपत्रिकांची छायाचित्रे काढण्याचे काम रेंगाळले, हजारो प्राध्यापकांना या पद्धतीचा सराव नव्हता, ४७७ परीक्षांचे निकाल अडकले. कुलपती या नात्याने राज्यपालांनी ३१ जुलैची मुदत घातली, तीही उलटली. निकाल लागता लागता सप्टेंबर उजाडला, आणि २४ ऑक्टोबर २०१७ रोजी कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. पुढील शिक्षणाचे प्रवेश ज्यांचे हुकले त्या मुलांचे वर्ष कोणी परत दिले नाही. या प्रकरणात धुरीणांनी साधन स्वीकारण्यास नकार दिला, असे कोणी म्हणू शकणार नाही. त्यांनी ते इतक्या उत्साहाने स्वीकारले की किती प्राध्यापक, किती दिवस, दिवसाला किती उत्तरपत्रिका, हा प्राथमिक शाळेतला त्रैराशिकाचा हिशेबही निर्णयापूर्वी नीट मांडला गेला नाही. म्हणजे आकड्यांवर चालणारे यंत्र आणायचे, पण ते आणण्याचा निर्णय मात्र आकड्यांशिवाय घ्यायचा!

याच्या उलट टोकाला दुसरी गोष्ट दिसते. वरिष्ठांना दाखवावयाचे आकडे गोळा करण्यात विद्यापीठे कोणतीही कसूर करीत नाहीत. १९९४ साली स्थापन झालेली मूल्यांकन परिषद, जिला सारे नॅक या नावाने ओळखतात, आणि २०१६ पासून दरवर्षी प्रसिद्ध होणारी राष्ट्रीय क्रमवारी, या दोहोंच्या पूर्ततेसाठी प्रत्येक महाविद्यालयात समित्या बसल्या आहेत. श्रेणीशी अनुदान निगडित, अनुदानाशी इमारत निगडित, आणि इमारतीशी उद्घाटनाचा फलक निगडित. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ साली चलनविषयक धोरणासंबंधी जे निरीक्षण नोंदविले, त्याचा मथितार्थ असा की एखाद्या मापाला नियंत्रणाचे साधन केले की ते माप विश्वासार्ह राहत नाही. या निरीक्षणाचे इतके शुद्ध उदाहरण क्वचितच सापडेल. परिषदेच्या कार्यकारी समितीचे अध्यक्ष डॉ. भूषण पटवर्धन यांनी मूल्यांकनातील गैरप्रकारांविषयी शंका व्यक्त करून २०२३ च्या मार्चमध्ये पद सोडले. पुढे २०२५ च्या फेब्रुवारीत आंध्र प्रदेशातील एका अभिमत विद्यापीठाच्या पाहणीप्रकरणी लाचखोरीच्या आरोपावरून केंद्रीय अन्वेषण विभागाने खुद्द पाहणी समितीच्या अध्यक्षांसह अनेकांना अटक केली. त्या खटल्याचा निकाल न्यायालय देईल. परंतु श्रेणीचा आकडा विकत घेण्याजोगी वस्तू आहे असे कोणाला तरी वाटावे, एवढीच गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

क्रमवारीच्या बाबतीतही असेच. २०२५ च्या यादीत सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे एकंदर गटातील स्थान ३७ वरून ९१ वर घसरले, तेव्हा अधिसभेपासून वृत्तपत्रांपर्यंत हलकल्लोळ झाला. प्राध्यापकांची पदे वर्षानुवर्षे रिक्त ठेवल्याचा हा परिणाम आहे, असे त्या वेळी अनेकांनी सांगितले. ते खरेच होते, पण त्यासाठी दिल्लीच्या यादीची वाट कशाला पाहावी लागली? कोणत्या विभागात किती पदे मंजूर आणि किती भरलेली, हे कुलसचिवांच्या कार्यालयातील लिपिक कोणत्याही सकाळी सांगू शकतो. रिक्त पदे भरण्याच्या निर्णयाला तो आकडा कधीच पुरला नाही. क्रमांक घसरल्याची नामुष्की मात्र पुरली, तीही चार दिवसांच्या चर्चेपुरती.

मराठवाड्याला हा अनुभव नवा नाही. १९७४ च्या विकास आंदोलनानंतर या प्रदेशाने आपले गाऱ्हाणे भावनेच्या भाषेतून हिशेबाच्या भाषेत आणले. त्याचा परिपाक म्हणून १९८३ साली राज्य शासनाने प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली. समितीची पद्धत सोपी होती, आणि तिचे सामर्थ्य त्या सोपेपणातच होते. रस्ते, सिंचन, ग्रामीण विद्युतीकरण, सामान्य शिक्षण, तंत्रशिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा, भूविकास आणि पशुवैद्यकीय सेवा ही नऊ क्षेत्रे घ्यावयाची, प्रत्येक जिल्ह्याची स्थिती राज्याच्या सरासरीशी ताडून पाहावयाची, आणि सरासरीपर्यंत येण्यास जो खर्च लागेल तो त्या जिल्ह्याचा अनुशेष मानावयाचा. १९८४ च्या एप्रिलमध्ये अहवाल आला. राज्याचा अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपये, त्यापैकी मराठवाड्याचा सुमारे ७५१ कोटी. सरासरी हे माप योग्य की अयोग्य, यावर तेव्हाही वाद झाला आणि तो होणे रास्त होते. परंतु या महाराष्ट्रात प्रथमच एक असा आकडा निर्माण झाला की ज्याच्यापुढे मंत्र्याला उत्तर द्यावे लागावे.

मग काय झाले? आकडा सर्वांनी भाषणात घेतला, अर्थसंकल्पात घेतला नाही. वैधानिक विकास मंडळे यावयास १९९४ साल उजाडले. त्यानंतर निर्देशांक व अनुशेष समितीने पुन्हा मोजणी केली तेव्हा राज्याचा अनुशेष १४ हजार कोटींच्या घरात आणि मराठवाड्याचा सुमारे ४ हजार कोटी निघाला. दोन्ही मोजण्यांच्या किमती वेगळ्या, क्षेत्रांची व्याप्ती वेगळी, तेव्हा त्यांची सरळ वजाबाकी करणे अशास्त्रीय होईल. तरीही दहा-बारा वर्षांत दरी बुजली नाही एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते. त्या मंडळांची मुदतही ३० एप्रिल २०२० रोजी संपली. आकडा खोटा होता म्हणून हे घडले नाही. तो खरा असूनही सत्तेने तो आपल्यावर बंधनकारक मानला नाही.

योगायोग असा की ज्या १९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या शासनाने दांडेकर समिती नेमली, त्याच साली त्याच शासनाने विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालये काढण्यास मुभा दिली. एका हाताने कोठे काय कमी आहे याची मोजणी, आणि दुसऱ्या हाताने जो मागेल त्याला परवानगी. शिक्षणसम्राट नावाची जी जमात त्यानंतर फोफावली तिने कोणत्याही सर्वेक्षणाची वाट पाहिली नाही. आजच्या विद्यापीठ-धुरीणांचा आकड्यांशी असलेला व्यवहार समजून घ्यावयाचा असेल तर तो या दुहेरी वारशातच शोधावा लागतो.

कारण विद्यापीठाच्या हाती निर्णयाचे जे सर्वांत मोठे अधिकार आहेत, त्यांपैकी एक म्हणजे महाविद्यालय कोठे निघावे हे ठरविण्याचा. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ प्रमाणे प्रत्येक विद्यापीठाने पाच वर्षांचा बृहत् आराखडा करावयाचा असतो. तो करताना शिक्षणाच्या सोयींचे न्याय्य वाटप आणि वंचित, अविकसित भागांच्या गरजा ध्यानी घ्यावयाच्या असतात. कागदावर हे आकडेवारीवर आधारलेल्या निर्णयप्रक्रियेचे आदर्श उदाहरण आहे. लोकसंख्या किती, बारावी उत्तीर्ण किती, जवळचे महाविद्यालय किती अंतरावर, तेथे जागा किती भरतात, हे पाहून स्थळबिंदू ठरावेत अशी कल्पना आहे. प्रत्यक्षात स्थळबिंदू कसे ठरतात हे मराठवाड्यातील कार्यकर्त्याला सांगण्याची आवश्यकता नाही. संस्था आधी असते, संस्थाचालकाचा पक्ष आणि मतदारसंघ आधी असतो, स्थळबिंदू मागाहून येतो. एकाच गावाच्या फाट्यावर दोन-दोन महाविद्यालयांच्या पाट्या दिसतात, आणि आठ-दहा कोसांवरच्या डोंगरातील मुलीला बारावीनंतर जाण्यासारखे ठिकाण नसते.

बीड जिल्ह्यापुरते बोलावयाचे तर जिल्ह्याच्या सरासरीत बीड दिसतच नाही. ११ तालुक्यांचा हा जिल्हा एकजिनसी नाही. गोदाकाठच्या गेवराई-माजलगावला जायकवाडी आणि माजलगाव प्रकल्पांचे पाणी आहे. अंबाजोगाईला शिक्षणाची जुनी, निजामी राजवटीशी झगडून उभी राहिलेली परंपरा आहे, वैद्यकीय महाविद्यालय आहे. बालाघाटच्या माथ्यावरील तालुक्यांना यांपैकी काहीच नाही, आहे तो कोयता. या सर्वांची सरासरी काढली की जो आकडा हाती येतो तो अंबाजोगाईचेही वर्णन करीत नाही आणि शिरूर कासारचेही नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत बीड जिल्ह्यातील २० ते २४ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे ४४ टक्के स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षाच्या आत झालेले आढळले. आईबाप सहा महिने फडावर असताना वयात आलेली मुलगी गावी कोणाच्या भरवशावर ठेवावी, या धास्तीचा त्या आकड्यात मोठा वाटा आहे. विद्यापीठाचा आराखडा करणाऱ्यांच्या दृष्टीने हा आकडा आरोग्य खात्याचा! वस्तुतः मुलींच्या महाविद्यालयापेक्षा मुलींचे वसतिगृह आधी हवे, हा निर्णय याहून स्पष्टपणे दुसरा कोणता आकडा सांगणार? राज्य शासनाने २०२१ साली ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा यांच्या नावाने ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची योजना जाहीर केली. ती सामाजिक न्याय खात्याची. त्या वसतिगृहांतून शाळा संपविणारी मुले पुढे कोठे राहणार, हा प्रश्न विद्यापीठाचा आहे.

उच्च शिक्षणाच्या प्रसाराचे माप म्हणून आज जे गुणोत्तर सांगितले जाते तेही नोंदणीवर उभे आहे. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणाच्या २०२१-२२ च्या अहवालाप्रमाणे देशाचे हे गुणोत्तर २८.४ आणि महाराष्ट्राचे ३५.३. नव्या शैक्षणिक धोरणाने २०३५ पर्यंत ते ५० वर नेण्याचे लक्ष्य ठेवले आहे. पटावर नाव घालणे हे जर लक्ष्य असेल तर मराठवाड्यातील महाविद्यालये ते उद्या गाठून दाखवतील, त्यांना त्याची कला अवगत आहे. खरा प्रश्न नाव घातल्यानंतरचा. पहिल्या सत्रात परीक्षेचा अर्ज भरणाऱ्यांपैकी तिसऱ्या सत्रात किती उरले? गळालेल्यांत मुली किती, कोणत्या तालुक्याच्या, कोणत्या महिन्यात गळाल्या? यासाठी कोणतेही नवे साधन विकत घ्यावे लागत नाही. प्रत्येक विद्यार्थ्याला प्रवेशाबरोबर कायम नोंदणी क्रमांक मिळतो, प्रत्येक सत्राचा परीक्षा-अर्ज त्या क्रमांकाखाली संगणकात जातो. दोन याद्या एकमेकींशेजारी ठेवल्या की गळतीचा तालुकावार तक्ता तयार. संख्याशास्त्राचा पदव्युत्तर विद्यार्थी हे काम एका आठवड्यात करील. असा तक्ता प्रत्येक वार्षिक अहवालाचे पहिले पान असावयास हवा. तो मागितला जात नाही, कारण तो हाती आला की संलग्नतेचे नूतनीकरण कोणाचे करावे आणि कोणाचे करू नये, हा निर्णय संस्थाचालकाच्या दूरध्वनीवर सोडता येणार नाही.

मोजणीने निर्णय बदलतो याचे उदाहरण शोधावयास बीडबाहेर जाण्याची गरज नाही. ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांची गर्भाशये काढली जातात ही कुजबूज जिल्ह्यात कित्येक वर्षे होती. स्त्री-संघटनांनी आणि वृत्तपत्रांनी तिला वाचा फोडल्यावर २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. आरोग्य यंत्रणेने घरोघर जाऊन ८२,३०९ स्त्रियांची विचारपूस केली, आणि त्यांपैकी १३,८६१ स्त्रियांची गर्भाशये काढलेली निघाली. कुजबूज नाकारता येत होती, ती संख्या नाकारता येईना. अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचे बंधन खासगी रुग्णालयांवर आले. त्या स्त्रियांचे सारे दुःख यामुळे दूर झाले असे मुळीच नाही. तथापि आशाताई आणि परिचारिका यांनी वहीपेन्सिल घेऊन केलेल्या कामाने जे साधले ते भिंतीवरचा कोणताही फलक साधू शकला नसता. त्यांनी प्रश्न असा विचारला होता की ज्याचे उत्तर ज्यांना अडचणीचे होते, त्यांनाही ऐकावे लागले.

याची दुसरी बाजूही सांगावयास हवी, कारण तेच साधन उलटे धरले की शस्त्र होते. बोटांच्या ठशांनी वा चेहरा ओळखून हजेरी घेणारी यंत्रे आता महाविद्यालयांत बसू लागली आहेत. ७५ टक्के हजेरीचा नियम जुनाच आहे. आजवर प्राध्यापक ती हजेरी माणुसकीने पाहत, कधी गैरफायदाही घेतला जाई. यंत्र माणुसकी जाणत नाही, आणि गैरफायदा घेणाऱ्या बड्या बापाच्या मुलाला यंत्राभोवतीची वाट सापडतेच. सापडणार नाही ती केज तालुक्यातील त्या मुलाला, जो नोव्हेंबरात आजारी बापाच्या जागी कोयता घेऊन गेला आणि मार्चमध्ये परत आला. पडद्यावर तो अनियमित विद्यार्थी म्हणून लाल रंगात दिसेल, त्याची शिष्यवृत्ती अडेल, परीक्षेचा अर्ज अडेल. आकडा अचूक आणि निर्णय अन्याय्य! हाच आकडा दुसऱ्या हेतूने पाहिला तर त्यावरून निघणारा निर्णय अगदी वेगळा असेल. एका महाविद्यालयातील विशिष्ट चार गावांची मुले दरवर्षी त्याच महिन्यांत गैरहजर असतील तर त्यांच्यासाठी सत्राच्या तारखा बदलता येतात, जूनमध्ये भरपाईचे वर्ग घेता येतात, परीक्षेची आणखी एक संधी देता येते. विद्यापीठाचे परीक्षा-वेळापत्रक पावसाळा, निवडणुका आणि स्पर्धा परीक्षा पाहून बदलते. गळीत हंगाम पाहून ते बदलावे, असे का वाटू नये?

कुलगुरूंच्या बाजूनेही काही म्हणता येईल आणि ते ऐकून घेतले पाहिजे. त्यांची कारकीर्द पाच वर्षांची. त्यातले पहिले वर्ष घर लावण्यात आणि शेवटचे आवरासावर करण्यात जाते. नेमणूक कुलपतींकडून, पदभरतीची परवानगी मंत्रालयातून, अनुदान दिल्लीतून, आणि दडपण व्यवस्थापन परिषदेतून. तीन दिशांना माहिती पुरविता पुरविता चौथ्या दिशेला पाहावयास त्यांना उसंत नसते. शिवाय ही माहिती भरतो कोण? तीच ती माहिती केंद्राच्या सर्वेक्षणासाठी, मूल्यांकनासाठी, क्रमवारीसाठी, शिष्यवृत्तीसाठी आणि विद्यापीठासाठी निरनिराळ्या साच्यांत पुन:पुन्हा भरणारा मनुष्य बहुधा तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक असतो. त्याला पैसे मिळतात ते शिकविलेल्या तासांचे. तक्ते भरण्याचे त्याचे तास कोणत्याही तक्त्यात येत नाहीत. त्याने एखाद्या रकान्यात अंदाजपंचे आकडा टाकला तर त्याला दोष देण्याचा अधिकार कोणाला आहे? पूर्णवेळ शिक्षक व लिपिक न नेमता अचूक आकडेवारीची अपेक्षा करणे म्हणजे बैल न देता नांगरट मागणे.

ही सबब मान्य करूनही एक गोष्ट उरते. ज्या विद्यापीठाला १४ जानेवारी १९९४ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव आहे, त्या विद्यापीठाने आकड्यांविषयी उदासीन असणे विशेष खटकते. बाबासाहेब व्यवसायाने आणि व्यासंगाने अर्थशास्त्रज्ञ होते, आणि मुंबईच्या कायदे कौन्सिलात १९२७ साली शिक्षणाच्या अनुदानावर ते बोलले ते सरकारी अहवालांतले आकडे हाती घेऊन. त्यांच्याही आधी १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी साधा हिशेब मांडला होता की सरकारी महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांच्या मुलांवर होतो. या दोघांनी आकडे गोळा केले ते सरकारला खूश करण्यासाठी नव्हे. ज्यांच्याविषयी कोणी बोलत नव्हते त्यांची संख्या त्यांनी सरकारपुढे ठेवली. पददलितांच्या हाती आकडा हे जुने हत्यार आहे. ते धुरीणांच्या दालनातील शोभेची वस्तू कधी झाले, याचा शोध घेतला पाहिजे.

तूर्त करता येण्याजोग्या गोष्टी मोजक्या आहेत. अधिसभेत नोंदणीकृत पदवीधरांचे १० प्रतिनिधी निवडून जातात. पुरोगामी गटांतून गेलेल्या सदस्यांनी वार्षिक अहवालाच्या बैठकीत सत्रवार गळतीचा तालुकावार आणि महाविद्यालयवार तक्ता मागावा, आणि तो मिळेपर्यंत नव्या स्थळबिंदूंच्या प्रत्येक प्रस्तावावर भिन्नमत नोंदवावे. बृहत् आराखड्यातील प्रत्येक स्थळबिंदूपुढे तो का ठरला याचे आकडे छापावेत, ते निर्णयापूर्वी जाहीर व्हावेत, आणि आकड्यांविरुद्ध निर्णय घेतला असल्यास त्याचे कारण इतिवृत्तात लिहिले जावे, ही मागणी करण्यास कोणत्याही कायद्याची आडकाठी नाही. मंजूर आणि भरलेल्या पदांचा तक्ता प्रत्येक महाविद्यालयाच्या दारावर लागावा.

बीड जिल्ह्यातील कार्यकर्त्यांना याहून जवळचे काम आहे. दिवाळीनंतर टोळ्या निघतात तेव्हा कोणत्या गावातून पदवीच्या वर्गातली किती मुले-मुली बरोबर गेली, हे गावातल्या चार तरुणांना घरोघर विचारून आठ दिवसांत लिहून काढता येते. विद्यार्थ्याचे नाव लिहू नये, गाव, महाविद्यालय, वर्ग आणि मुलगा की मुलगी एवढेच पुरे. उचल कोणाच्या नावावर आहे हेही विचारावे, कारण काही घरांत ती आता मुलाच्याच नावावर घेतली जाते. ही यादी जानेवारीत प्राचार्यांच्या हाती द्यावी, आणि तिची एक प्रत परीक्षा व मूल्यमापन मंडळाच्या संचालकांना पाठवावी. उन्हाळी सत्राचे वेळापत्रक त्यानंतरच पक्के होते.